बदलीच्या बाई

देसूरकर बाई बाळंतपणाला गेल्या
आणि त्यांच्या खुर्चीत मला बसवलं.
भाताची मळणी सुरू, सातवीत अठ्ठावीसपैकी एकोणीस पोरं.
नेमणुकीचा कागद कन्नडमध्ये, माझ्या नावाआधी शब्द: अतिथी.
पाहुणीला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही,
शाळेची टाकी फुटलेली होती.

पहिल्या दिवशी हजेरी घेतली.
सातेरी घाडी? हजर, टीचर.
भरमाणी कुट्रे? हजर.
कुणी खोकलं, कुणी हसू गिळलं.
मला वाटलं, नवीन बाईला हसतात.

फळ्याकडे वळले की वर्ग सुटायचा,
पोत्याच्या शिवणीचा नेमका दोरा कुणी ओढावा तसा,
एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, सरसर.
मागच्या बाकावर रोज एक बस सुटायची.
घरघर, गिअर, जांबोटी क्रॉसला करकचून ब्रेक,
"चला उतरा, खानापूर, खानापूर!"
आणि चार पोरी खरंच उतरून
व्हरांड्यात जायच्या.

डी.एड.च्या वहीत होतं ते सगळं केलं.
गप्प उभी राहिले, ती माझ्यापेक्षा जास्त वेळ टिकली.
गोष्ट सांगायला घेतली, शेवट त्यांनीच आधी सांगितला.
डस्टर आपटला.
धूळ माझ्याच नाकात गेली.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत
मला आत ठेवून बाहेरून कडी लावली.
खिडकीच्या गजांतून उप्पीटाची रांग दिसत होती
आणि रांगेत दात काढून हसणारा, फाटक्या कॉलरचा तो.
मी सुटले ती तडक ऑफिसात.
नाव सांगितलं: भरमाणी कुट्रे.
आवाज कापत होता, ते मला आवडलं नाही.

तासाभरानं झेंड्याच्या खांबाजवळ
अंगठे धरून उभा होता भलताच कुणीतरी,
काटकुळा, तेल चोपडलेल्या केसांचा,
सहा दिवस मी ज्याला सातेरी म्हणत होते तो.

"तो कोण गं?"
"भरमाणी की, टीचर," पहिल्या बाकावरची म्हणाली,
आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

सगळ्या वर्गानं नावं बदलून घेतली होती.
सातचा पाढा ज्यांना पुरा येत नव्हता
त्यांनी एकोणीस खोटी नावं
सहा दिवस पाठ ठेवली, एकदाही न चुकता.

मी उन्हात गेले.
"तप्पु नंद री, सर," म्हणाले हुक्केरी सरांना.
त्यांनी चष्म्यावरून आधी मला पाहिलं, मग पोराला.
"जा."
भरमाणीला विचारलं, का सांगितलं नाहीस रे?
कंबर चोळत तो म्हणाला,
"मला कोण विचारलंय?"

रात्री मला त्या वाक्याची कूस सापडेना.

दुसऱ्या दिवशी हजेरीचं पुस्तक उघडलंच नाही.
म्हटलं, मी आज देसूरकर.
माझं बाळ महिन्याचं आहे, झोप नाही झालेली, डोकं दुखतंय.
तुम्ही कोण कोण आहात?

शांतता.
बाहेर मळणीच्या यंत्राचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.
मग फाटकी कॉलर उभी राहिली.
"भरमाणी कुट्रे, हजर."
थांबला. भिंतीकडे बघून म्हणाला,
"न्हाई. घाडी."

एवढंच झालं.
त्यानं काही सुधारलं असं नाही.
खडू अजून उडतात, काल एक कानाला लागला.
पगार आलेला नाही, टाकी फुटलेलीच आहे,
माझं खरं नाव वैजयंता, ते अजून कुणी विचारलेलं नाही,
आणि मागच्या बाकावरची बस वेळेवर सुटते.

आज कंडक्टर रांगेतून चालत माझ्यापर्यंत आला.
"आधार दाखवा, टीचर. बायकांना फुकट हाय."
पर्समधून काढून दाखवलं.
त्यानं कार्ड उलटसुलट केलं, ओठ हलवत नाव वाचलं.
"कुठं उतरणार?"
मी म्हटलं, मार्च.
"मार्चला थांबत न्हाई ही गाडी,"
असं म्हणून सातेरी घाडीनं कर्कश्श शिट्टी मारली,
ऐन गणिताच्या तासाला,
हुक्केरी सर दारात उभे असताना.